घरात फायबर, तरी कॉल गच्चीवरूनच : मोबाइल कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र-गोवा परिमंडळात सेवा देणाऱ्या सर्व मोबाइल कंपन्यांचे परिमंडळ प्रमुख व नेटवर्क विभाग

विषय : वाय-फाय कॉलिंग खेड्यापाड्यांत खरोखर चालू करणे आणि ॲपवरच्या कॉलला आडवे न येणे

महोदय / महोदया,

सातारा जिल्ह्यात मोबाइल विकणारे, दुरुस्त करणारे आणि घरोघरी फायबर ओढणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. जावळी, पाटण, महाबळेश्वर या बाजूला टॉवर समोरच्या डोंगरावर असतो, गाव खोऱ्यात असतं आणि जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या काळ्या दगडाच्या. अंगणात उणे ९५ डीबीएम (सिग्नल मोजायचं माप; उण्याचा आकडा जितका मोठा तितकी रेंज कमी) असलेला सिग्नल माजघरात उणे ११५ च्याही खाली जातो. एवढ्या रेंजवर कॉल लागला तरी टिकत नाही, हे आपल्या इंजिनिअरांना आम्ही सांगायला नको. नव्या आरसीसी घरांची गतही फार वेगळी नाही. वर पत्र्याची शेड मारली की आणखी वाईट.

आता यातल्या बऱ्याच घरांत फायबर आलेली आहे. टीव्ही तिच्यावर चालतो, पोरं गेम खेळतात, मुंबईत माथाडीत असलेल्या किंवा फौजेत असलेल्या माणसाशी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल होतो. साधा फोन आला की मात्र माणूस जिन्याने गच्चीवर पळतो. बँक, दवाखाना, गॅस एजन्सी, तलाठी यांतलं कुणी व्हॉट्सॲपवर फोन करत नाही.

यावरचा इलाज आपल्याकडे काही वर्षांपासून आहे. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं तेच सगळा आवाज इंटरनेटच्या पाकिटांतून नेत आलं, म्हणजे व्होल्टी. एअरटेलने ते २०१७ च्या सप्टेंबरात आणि व्होडाफोनने २०१८ च्या जानेवारीत सुरू केलं. त्यापुढची पायरी म्हणजे वाय-फाय कॉलिंग, म्हणजे आपल्याच नंबरचा साधा कॉल टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून. एअरटेलचं डिसेंबर २०१९ ला, जिओचं जानेवारी २०२० ला, आणि व्हीआयने (व्होडाफोन-आयडिया) डिसेंबर २०२० ला सुरुवात केली तेव्हा पहिल्या परिमंडळांत महाराष्ट्र-गोवा होतं. म्हणजे तंत्र नवं नाही, परवानगीचा प्रश्न नाही, ग्राहकाला वेगळा पैसा पडत नाही. तरीही खेड्यातल्या दहा फोनपैकी किती फोनवर ते खरोखर चालतं, हे कुठल्याही मोबाइल दुकानात तासभर बसून बघा.

कुठे अडतं ते क्रमाने सांगतो, कारण कस्टमर केअरला फोन केला की सगळ्या अडचणींवर एकच औषध मिळतं: फोन रीसेट करा. रीसेटने ग्राहकाचे फोटो जातात आणि अडचण तिथेच राहते.

वाय-फाय कॉलिंगचं बटण चालू केलं की फोन आधी डीएनएसला (नावावरून इंटरनेटचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारतो, माझ्या कंपनीचं इंटरनेटवरचं प्रवेशद्वार कुठे आहे? या प्रवेशद्वाराला आपण ईपीडीजी म्हणता. त्याचं नाव सिमवरच्या देश-क्रमांकावरून (भारतात ४०४ किंवा ४०५) आणि कंपनी-क्रमांकावरून तयार होतं. पत्ता मिळाला की फोन यूडीपी (पोच न मागता पाकिटं पाठवायची पद्धत) पोर्ट ५०० वरून बोलणी सुरू करतो, मध्ये राउटर आहे हे कळलं की ४५०० वर येतो, सिमच्या किल्लीने स्वतःची ओळख पटवतो आणि एक कुलूपबंद बोगदा तयार होतो. त्या बोगद्यातून फोन आपल्या आयएमएस यंत्रणेत (पाकिटांतून येणारे कॉल सांभाळणारी यंत्रणा) नोंद करतो. नोंद झाली की वर वाय-फायसोबत फोनचं चिन्ह येतं. कुठल्याही टप्प्यावर गाडी अडली तर ग्राहकाला दिसतं एकच: चिन्ह आलं नाही. कुठे अडलं याचा एक शब्दही फोन सांगत नाही.

पहिला अडथळा बोगद्याच्याही आधी येतो, तो हँडसेटचा. एखाद्या मॉडेलवर वाय-फाय कॉलिंग चालू द्यायचं की नाही, हे फोन बनवणारा आणि आपण मिळून ठरवता. ते ठरलेलं फोनमधल्या कॅरिअर फाइलमध्ये असतं आणि ती फाइल सॉफ्टवेअर अपडेटबरोबर येते. म्हणून दोन सारखे दिसणारे फोन, दोन्हींत एकाच कंपनीचं सिम, एकावर बटण दिसतं आणि दुसऱ्यावर नाही. दुबईहून किंवा अमेरिकेहून आणलेल्या फोनवर तर हे हमखास होतं. सॅमसंगमध्ये विक्रीचा देश सांगणारा सीएससी कोड वेगळा असला की भारतीय कंपन्यांचा मेनूच उघडत नाही. शाओमीच्या काही फोनमध्ये *#*#८६९४३४#*#* टाकून ही तपासणी बाजूला करता येते आणि व्होल्टीसाठी *#*#८६५८३#*#*. दुकानदार हे करतात, लोकही व्हिडिओ बघून करतात. पण हा जुगाड आहे. अपडेट आलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आयफोनला सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडून थोडं थांबलं की कॅरिअर सेटिंग्जचं अपडेट असेल तर विचारलं जातं; हे माहीत नसल्याने लोक फोन बदलायला निघतात.

आपल्या संकेतस्थळांवर चालणाऱ्या फोनच्या याद्या असतात. त्यात मॉडेलचं नाव असतं, पण कोणत्या सॉफ्टवेअर आवृत्तीपासून चालतं ते नसतं, आणि दुकानदाराला नेमकं तेच हवं असतं. ग्राहक पंधरा हजारांचा फोन घेताना विचारतो, 'घरात लागेल ना?' यावर आज प्रामाणिक उत्तर देता येत नाही. मॉडेल क्रमांक, किमान आवृत्ती आणि व्होल्टी, वाय-फाय कॉलिंग, एसएमएस यांतलं काय चालतं, असे रकाने असलेली यादी द्या आणि महिन्याला एकदा ताजी करा. फार मोठं काम नाही. ही माहिती आपल्याकडे चाचणीच्या कागदांत आहेच.

दुसरा अडथळा आपल्या, म्हणजे कंपनीच्या घरातला आहे. सिम जुनं असतं, किंवा नुकतंच दुसऱ्या कंपनीतून पोर्ट करून आलेलं असतं, आणि त्या नंबरवर आपल्या बाजूने सेवा चढवलेलीच नसते. हे ओळखायला सोपं आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर (सगळ्यांवर नाही, सॅमसंगवर बहुधा नाही) *#*#४६३६#*#* टाकून फोनची माहिती उघडा. त्यात वाय-फाय कॉलिंग प्रोव्हिजन झालं आहे (म्हणजे सेवा चढवली आहे) की नाही याचं एक बटण दिसतं आणि आयएमएसची स्थितीही दिसते. बटण वळवूनही नोंद होत नसेल आणि तोच फोन दुसऱ्याच्या सिमवर चालत असेल, तर दोष आपल्या डेटाबेसमध्ये आहे. अशा वेळी ग्राहकाला चारदा फोन बंद-चालू करायला लावू नका. कस्टमर केअरच्या पडद्यावर त्या नंबरची प्रोव्हिजनिंग दिसली पाहिजे आणि तिथूनच ती पुन्हा चढवता आली पाहिजे. आज समोरच्या मुलाला ते दिसतच नाही, त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

तिसरा अडथळा रस्त्यातला, आणि इथे आमच्यातल्या फायबरवाल्यांचाही हात आहे. ग्राहक म्हणतो, 'माझा फोन लागतो, पण मला लावणाऱ्याला बंद सांगतंय.' जाणारे कॉल जातात, येणारे येत नाहीत. लोकल ब्रॉडबँडवाल्यांकडे सार्वजनिक आयपी पत्ते कमी असतात, म्हणून शेकडो घरं एकाच पत्त्यामागे बसवलेली असतात. राउटरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पत्त्यात १००.६४ ते १००.१२७ असं काही दिसलं की समजावं आपण या सामाईक पत्त्यामागे आहोत. अशा ठिकाणी फोनचा बोगदा उघडा राहावा म्हणून मधल्या पेटीला तो प्रवाह लक्षात ठेवावा लागतो. किती वेळ ठेवायचा, ही एक सेटिंग असते. यूडीपीसाठी प्रमाणित शिफारस किमान २ मिनिटांची आहे. मायक्रोटिकसारख्या राउटरच्या पेटीत दोन्ही बाजूंनी वाहिलेल्या प्रवाहाला मुळात ३ मिनिटं दिलेली असतात. कनेक्शनचं टेबल भरतंय म्हणून कुणीतरी ती ३० सेकंदांवर किंवा त्याहून खाली आणतं आणि विसरून जातं. स्क्रीन बंद झाली, फोन झोपला, बोगदा गेला. इकडून कॉल लावला की फोन जागा होऊन नवा बोगदा बांधतो, म्हणून जाणारा कॉल जातो. येणाऱ्याला मात्र कुणी जागं करत नाही.

आमच्या बांधवांना विनंती: ४५०० पोर्टच्या प्रवाहाला निदान ३ ते ५ मिनिटं द्या, ५०० आणि ४५०० दोन्ही पोर्ट फायरवॉलमध्ये मोकळे ठेवा, आयपीसेकची (या कुलूपबंद बोगद्याची) पाकिटं अडवू नका. कंपन्यांना विनंती: आपल्या प्रवेशद्वाराकडूनही जिवंतपणाची तपासणी जरा लवकर-लवकर करा, फोन गायब झाल्याचं उशिरा कळलं तर तोवर आलेले कॉल हवेत जातात.

याच रस्त्यावर आणखी एक खड्डा आहे, तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लोकल नेट बहुधा पीपीपीओईवर (नाव-पासवर्ड टाकून जोडायची पद्धत) असतं, म्हणजे पाकिटाची कमाल लांबी १५०० ऐवजी १४९२. त्यात वर बोगद्याचं वेष्टण. ओळख पटवण्याच्या टप्प्यावर आपल्या प्रवेशद्वाराचं प्रमाणपत्र येतं, ते पाकीट मोठं असतं, वाटेत त्याचे तुकडे होतात आणि एखाद्या पेटीत तुकडे टाकून दिले जातात. इंटरनेट झकास चालतंय, वेग ५० एमबीपीएस दाखवतोय, आणि वाय-फाय कॉलिंगची नोंद काही केल्या होत नाही. टीसीपी या दुसऱ्या पद्धतीसाठी लावलेला एमएसएस क्लॅम्प (पाकिटं आधीच आखूड करणारी सेटिंग) इथे कामाचा नाही, कारण हे यूडीपी आहे. बोलणीच्या पातळीवरच तुकडे पाडायची सोय इंटरनेटच्या मानकात आहे (आरएफसी ७३८३). ती सगळ्या प्रवेशद्वारांवर चालू करा. आम्ही आमच्या बाजूने तुकडे अडवणारे नियम काढून टाकू.

चौथी गोष्ट फोनच्या पसंतीची. वाय-फाय कॉलिंगच्या आत बऱ्याच फोनमध्ये एक उपपर्याय असतो: आधी वाय-फाय की आधी मोबाइल नेटवर्क. तो 'मोबाइल' वर असेल तर फोन एक दांडी रेंज धरून बसतो, शेजारी राउटर असूनही वाय-फायवर येत नाही. दगडी घरात तो 'वाय-फाय' वरच हवा. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगवेगळं चालू करावं लागतं. खात्री करायची सोपी रीत: फ्लाइट मोड लावा, मग फक्त वाय-फाय चालू करा, एखादं मिनिट थांबा. चिन्ह आलं आणि कॉल लागला तर टॉवरचा काही संबंध उरला नाही, काम फत्ते. व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करा. मोफत व्हीपीएन फोनचा पत्ता परदेशात दाखवतात आणि बोगदा नाकारला जातो.

आणि बोलत-बोलत अंगणात गेल्यावर कॉल तुटतो, ती तक्रार. वाय-फायवरचा कॉल टॉवरवर अलगद उतरायचा असेल तर बाहेर त्या सिमला व्होल्टी मिळायला हवं. फोनमध्ये व्होल्टी बंद असेल किंवा बाहेर फक्त टूजी असेल, तर कॉल उतरायला जागाच नाही, तो तुटतो. लोक वाय-फायला दोष देऊन वाय-फाय कॉलिंग बंद करतात आणि पुन्हा गच्ची. कॉल चालू असताना नेट बंद पडतं, ही तक्रारही त्याच कुळातली: फोन आवाजासाठी टूजीवर गेलेला असतो.

घरातल्या वाय-फायची बाजू आम्ही सांभाळतो, तिथे आपल्याला तोशीस नाही. आवाजाला वेग फारसा लागत नाही, नियमितपणा लागतो. सेकंदाला ५० पाकिटं, प्रत्येकात २० मिलिसेकंदांचा आवाज. चांगल्या प्रतीच्या कोडेकला (आवाज दाबून लहान करणाऱ्या पद्धतीला) २४ केबीपीएसपेक्षा कमी पुरतात; बोगद्याचं वेष्टण धरलं तरी एका दिशेला १०० केबीपीएसच्या आत बसतं, दोन्ही दिशा मिळून मिनिटाला साधारण एक एमबी. पण एका बाजूने आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले की माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलायला लागतात. 'मला ऐकू येतंय, तुला येत नाही का?' असं झालं की बहुतेक वेळा अपलोड तुंबलेला असतो. सीसीटीव्ही क्लाउडवर चित्र ढकलत असतो, नाहीतर रात्री फोटोंचा बॅकअप चाललेला असतो. राउटरवर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधली की रांग तुंबत नाही. डब्ल्यूएमएम (वाय-फायवर आवाजाला आधी वाट देणारी सेटिंग) चालू ठेवावं. वाय-फायचा सिग्नल बोलायच्या जागी उणे ६७ डीबीएमपेक्षा चांगला हवा. उणे ७५ च्या पुढे अक्षरं गळतात. दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जात नाही, तिथे २.४ वर, चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल त्यावर. माळवदाच्या घरात तर राउटर कपाटात, टीव्हीच्या मागे ठेवायची पद्धत पडली आहे ती आधी मोडावी लागते.

विजेचं मात्र दोघांचं दुखणं आहे. पाटण-कोयनेच्या पट्ट्यात पावसाळ्यात वीज जाते ती कधीकधी दुसऱ्या दिवशी येते. ओएनटी (घरातली फायबरची पेटी) आणि राउटर मिळून ८-१० वॅट खातात. बाजारात मिळणाऱ्या ८८०० एमएएचच्या छोट्या १२ व्होल्ट यूपीएसवर ते अडीच-तीन तास चालतात. विकत घेताना अडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिलं आहे का ते बघावं, काही राउटर ९ व्होल्टचे असतात. पण गावातल्या केबलवाल्याच्या खोलीत ओएलटीलाच (सगळ्या घरांच्या फायबर जिथे जुळतात ती पेटी) बॅटरी नसेल तर घरच्या यूपीएसचा दिवाच तेवढा हिरवा राहतो. आणि टॉवरची बॅटरी संपली की तुमचंही तेच. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरण) २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत जिल्ह्यातली सेवा ४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर कळवायची आणि २४ तासांपेक्षा जास्त राहिली तर ग्राहकाला भरपाई द्यायची तरतूद आहे. जिल्हा हे माप धरल्याने एका खोऱ्यातली चार गावं दोन दिवस मुकी राहिली तरी ती कुठल्या हिशेबात येत नाहीत. नियम ट्रायचा आहे, पण टॉवरनिहाय बंद-चालूची माहिती आपल्याकडे आहे. ती तालुक्यानुसार जाहीर करायला कुणी अडवलेलं नाही.

आता ॲपवरच्या कॉलबद्दल, कारण आपल्यापैकी काहींचा रोख अधूनमधून तिकडे वळतो. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलच्या डेटाला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर मागे घेतलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायने या विषयावर मतं मागवली, तेव्हा दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी आली, आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची (इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखी वागणूक) तत्त्वं मान्य केली. सप्टेंबर २०२० मध्ये अशा ॲपवर सध्या वेगळं नियमन नको, असं ट्राय म्हणालं. जुलै २०२३ मध्ये तोच विषय पुन्हा चर्चेला काढला. त्यात मोठ्या ॲपवाल्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा, ही आपली जुनी मागणी पुन्हा पुढे आली.

हिशेब सोपा आहे. ॲपवर अर्धा तास बोललं तर १५ एमबीच्या आसपास डेटा जातो. दिवसाच्या दीड जीबीतला तो एक टक्का. त्या डेटाचे पैसे ग्राहकाने रिचार्जला आधीच दिलेत. मिनिटाला पैसे मोजायचा जमाना होता, एका कंपनीच्या कॉलचे दुसरीला ६ पैसे द्यावे लागायचे, तेव्हा आपली चिंता समजण्यासारखी होती. १ जानेवारी २०२१ पासून तो आकार शून्य झाला आणि कॉल अमर्यादित झाले. आता व्हॉट्सॲपवर बोलल्याने आपलं मिनिट बुडत नाही. उलट आपला कॉल जिथे घरात लागत नाही तिथे त्या ॲपमुळेच ग्राहक आपल्या रिचार्जवर टिकून आहे.

शिवाय टॉवरवर आपल्या कॉलला जो मान आहे तो ॲपला नाहीच. व्होल्टीचा आवाज क्यूसीआय १ या वर्गातून जातो, त्याला ठरावीक वेग राखून ठेवलेला असतो आणि १०० मिलिसेकंदांची उशिराची मर्यादा असते. ॲपचा आवाज यूट्यूबच्या रांगेत उभा असतो, बहुधा क्यूसीआय ९. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, मांढरदेवीला, पालखी लोणंद-फलटणला असताना हे उघड दिसतं: ॲपचा कॉल 'पुन्हा जोडत आहे' म्हणत बसतो आणि साधा कॉल, एकदा लागला तर, नीट चालतो. तांत्रिकदृष्ट्या चांगली वस्तू आपल्याच हातात असताना ॲपवाल्यांशी भांडण्यात वेळ घालवणं आम्हाला कळत नाही.

ओटीपीचं एक सांगायलाच हवं. माजघरात रेंज नाही म्हणजे एसएमएस नाही. आधारचा ओटीपी, बँकेचा ओटीपी, शेतीच्या नोंदणीचा ओटीपी, सगळ्यांसाठी फोन खिडकीत टांगावा लागतो, आणि तोवर मुदत संपते. वाय-फाय कॉलिंगची नोंद झालेली असेल आणि आपण एसएमएसही आयएमएसवरून देत असाल तर तो त्याच बोगद्यातून घरात येतो. सगळ्या सिमवर, सगळ्या मॉडेलवर हे चालत नाही. आमच्या दृष्टीने कॉलपेक्षाही ही गोष्ट तातडीची आहे.

डिसेंबर २०२४ मधल्या ट्रायच्या आदेशानंतर २०२५ च्या जानेवारीत आपण फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आणले. घरी फायबर असलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते अगदी योग्य आहेत, कारण वाय-फाय कॉलिंगला आणि व्होल्टीला मोबाइलचा डेटा पॅक लागत नाही. पण आपल्या कंपनीच्या गॅलरीतही (दुकानात) उत्तर मिळतं की नेट पॅक नसेल तर वाय-फाय कॉलिंग चालणार नाही. हे चूक आहे. आपल्या माणसांना लेखी कळवा.

मागण्यांमधली सर्वांत मोठी राहिलीच. खोऱ्याखोऱ्यात एकेकाच कंपनीचं राज्य आहे: इकडच्या उतारावर एक, वळण घेतलं की दुसरी. म्हणून लोक दोन सिम ठेवतात. ईपीडीजी इंटरनेटवर आहे, त्याला वाय-फायच पाहिजे असं नाही. एका सिमला टॉवर नसेल तर दुसऱ्या सिमच्या डेटावरून त्याचा बोगदा बांधता येतो, आयफोनमध्ये आणि बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय दिलेली आहे. अडतं ते फक्त आपण ती आपल्या कॅरिअर फाइलमध्ये चालू करण्यावर. ग्राहक दोन्ही रिचार्जचे पैसे देतो, डेटा त्याचाच, टॉवर दुसऱ्याचा असला तरी भाडं भरलेलं आहे. डिजिटल भारत निधीतून (सरकारचा दूरसंचार निधी) उभारलेल्या टॉवरवर जानेवारी २०२५ पासून एकमेकांच्या ग्राहकांना सेवा द्यायची सुरुवात झालीच आहे. त्यामानाने हे एका ओळीच्या बदलाचं काम आहे. तापोळा-बामणोलीच्या बाजूला यासारखा दुसरा स्वस्त उपाय आम्हाला दिसत नाही.

एक सावधगिरी आम्ही ग्राहकांना सांगतो, आपणही सांगा. कॉलच्या ॲपवरून ११२ लागत नाही. वाय-फाय कॉलिंग चालू असलं तरी ११२ दाबल्यावर फोन आधी टॉवर शोधतो, कुठल्याही कंपनीचा चालतो. वाय-फायवरून गेला तर माणूस नेमका कुठे आहे हे पलीकडे कळेलच असं नाही. म्हणून पत्ता तोंडी सांगायचा: गाव, वाडी, तालुका.

तक्रारीची वाट लोकांना माहीत असली पाहिजे. १९८ ला फोन, डॉकेट (तक्रारीचा) क्रमांक लिहून ठेवायचा, समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे, त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा. ट्राय वैयक्तिक तक्रारी घेत नाही. अडचण अशी की १९८ च्या यादीत वाय-फाय कॉलिंग असा प्रकारच सापडत नाही, तक्रार 'नेटवर्क' खाली टाकली जाते, टॉवरवाला येऊन रस्त्यावर रेंज मोजतो, ती चांगली भरते, तक्रार बंद. वेगळा प्रकार करा, आणि त्यात तीन प्रश्न घाला: फ्लाइट मोडवर चिन्ह येतं का, दुसऱ्या वाय-फायवर येतं का, दुसऱ्या सिमवर येतं का. तीन उत्तरांवरून दोष हँडसेटचा, ब्रॉडबँडचा की आपला, हे बहुतेक वेळा तिथल्या तिथे ठरतं.

चाचणीसाठी आपला माणूस पाठवणार असाल तर तीन जागा आम्ही दाखवू: दगडी घरातली फायबर, सामाईक आयपीमागची जोडणी आणि डोंगरावरून रेडिओ लिंकने आलेलं नेट. सोबत कंपनीचा भारीतला फोन आणू नये, गावात खपतो तो दहा-बारा हजारांचा आणावा. दोन दिवस आधी कळवा. जुलैत आलात तर उत्तम. वीज, रेंज आणि नेट तिन्ही तेव्हा खऱ्या रूपात भेटतील.

कळावे,

आपले,
सातारा जिल्ह्यातील मोबाइल विक्री-दुरुस्ती आणि ब्रॉडबँड जोडणीचं काम करणारे